पुरेसा आजारी

दोन गुण कमी पडले, असं मुलाखत घेणाऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा त्याला हसू यायला हवं होतं, आलं नाही. आयुष्यात इतक्या परीक्षा दिल्या, पण दुःखात नापास होण्याची ही पहिलीच वेळ. बाई दिलगिरीच्या सुरात समजावत होत्या. नव्या औषधाच्या चाचणीत ज्यांना घ्यायचं त्यांचं नैराश्य एका ठरावीक रेषेच्या वर असावं लागतं, आणि तो रेषेच्या जरासा खाली होता. "म्हणजे मी पुरेसा आजारी नाही," तो म्हणाला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आजारी आहातच. या चाचणीसाठी पुरेसे नाही, एवढंच. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. तोवर सगळं आहे तसं राहू द्या. नवीन औषध नाही, नवीन उपचार नाही. आयुष्यात मोठा बदलही शक्यतो नको, चांगला किंवा वाईट." निकालासाठी आत बोलावलेली त्याची बायको शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. शेवटच्या वाक्यावर तिने मान हलवली, आणि ते मान हलवणं त्याला ओळखीचं वाटलं. ती परीक्षा विभागात आयुष्य काढून निवृत्त झाली होती. प्रश्नपत्रिकेचं पाकीट घंटा झाल्याशिवाय फोडायचं नाही म्हणजे नाही, मग दाराशी खुद्द मुख्याध्यापक का उभे असेनात. सूचना ही तिच्या लेखी सल्ला नव्हती.

परतताना दोघं बसमध्ये मागेपुढे बसले. त्याला पुढच्या सीटवर तिची मान दिसत होती, केसांखालचा पांढरा पट्टा दिसत होता, आणि आपण या बाईला अजून तीन आठवडे असेच दिसत राहणार हे दिसत होतं. घरी पोचल्यावर थोड्या वेळाने फोन वाजला. ती तो घेऊन बाल्कनीत गेली आणि काचेचं दार ओढून घेतलं. इतक्या वर्षांत तिने फोनवर बोलताना ते दार कधी ओढलं नव्हतं. उलट सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ती बोलायची आणि तो म्हणायचा, अगं, मग फोन कशाला, नुसतीच बोल. काचेपलीकडे तिची पाठ होती. एकदा तिने कठड्यावर हात टेकला. आत आली तेव्हा तिने तोंड धुतलेलं होतं. कोण होतं, असं त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

काचेपलीकडची माणसं बघणं हाच त्याचा धंदा होता. एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात तो कान तपासायचा. आवाज न शिरणारी एक खोली, कपाटापेक्षा थोडी मोठी. तिच्यात पेशंट हेडफोन लावून बसतो आणि बाहेर यंत्रासमोर हा. यंत्रातून बारीक होत जाणारे सूर सोडायचे, ऐकू आलं की पेशंटने बोट वर करायचं. सूर कुठे विरतो आणि बोट कुठे थांबतं ती रेषा पकडायची. सोपं काम आहे असं लोकांना वाटतं, कारण माणसं खरं बोलतात असं लोकांना वाटतं. त्याच्याकडे नोकरी टिकवायला आलेले ड्रायव्हर असत, ज्यांना ऐकू येत नसे पण यावं लागे. आणि भरपाई मागायला आलेले कारखान्यातले कामगार असत, ज्यांना ऐकू येई पण येऊन चालत नसे. खोटं बोलणारा ताल पकडतो, हे तो पहिल्या वर्षातच शिकला. सूर, बोट, सूर, बोट. म्हणून मध्येच ताल मोडायचा, नुसती शांतता सोडायची. शांततेवर बोट वर आलं की समजायचं. आणि सगळ्यात शेवटी पहिला सूर पुन्हा एकदा वाजवून बघायचा. खरं उत्तर दोन्ही वेळा एकाच जागी सापडतं. एक म्हातारा ड्रायव्हर असाच शांततेवर बोट वर करत पकडला गेला होता. बाहेर आल्यावर तो चिडला नाही, रडला नाही. शर्टाची कॉलर नीट करत म्हणाला, "मला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं, साहेब. तुम्हाला कळतंय का, ते बघत होतो." ते वाक्य तेव्हा त्याने जेवणाच्या सुट्टीत विनोद म्हणून सांगितलं होतं.

मग मागच्या वर्षी कधीतरी, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, तो स्वतःच त्या खोलीत जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. तिथे बरं वाटत होतं असं नाही. तिथे काही वाटत नसणं शोभत होतं, इतकंच. काउंटरवरच्या मुलीने काचेवर टकटक केली तेव्हा बाहेर रांग लागलेली होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला. त्यानंतर रजा आली, डॉक्टर आले, गोळ्या आल्या. पहिल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, दुसऱ्यांनी झोप उडाली, तिसऱ्यांनी काहीच केलं नाही आणि त्याला त्या सगळ्यात प्रामाणिक वाटल्या. त्या हळूहळू बंद करताना मानसोपचाराचे डॉक्टर म्हणाले की नवीन औषधांच्या चाचण्या चालू असतात, बघायला हरकत नाही. दुसऱ्या गावात नोकरी करणाऱ्या मुलीने अशा चाचण्या शोधायची एक वेबसाइट पाठवली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून तो ती वाचत बसे. प्रत्येक चाचणीखाली दोन मथळे: कोण सहभागी होऊ शकतं, कोण होऊ शकत नाही. दुसऱ्याखालचा मजकूर नेहमी लांब असे. एकीला पन्नाशीच्या आतले हवे होते. एकीची भरती संपली होती. एका ठिकाणी फोनवरची मुलगी इतकी आनंदी होती की त्याने काही न बोलता फोन ठेवून दिला. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "लग्नाच्या वेळी तुमच्या बाबांनी एवढी स्थळं नाकारली नव्हती." तो हसला होता. तेव्हा अजून हसू येई.

शेवटी ही चाचणी सापडली. पहिल्या दिवशी बाईंनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं. अर्ध्या लोकांना खरं औषध मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे बाईंनाही कळणार नाही. कोणतंही कारण न देता तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. आणि जीव नकोसा झाल्याचे, तो संपवण्याचे विचार असतील तर चाचणी थांबते. हे वाक्य त्याने लिफ्टमधली वजनाची पाटी वाचावी तसं ऐकलं: इतरांसाठी लिहिलेलं. त्यापुढे बाई अजून काही बोलल्या, पण तोवर तो हिशेब करत होता की चौथ्या गोळीने काम झालं नाही तर पाचवी कुठून आणायची. डॉक्टरांकडे पाचवी नव्हती. त्यांनी तसं म्हटलं नव्हतं, पण बोलताना ते खिडकीबाहेर बघत होते. हे दार उघडलं नाही तर पुढे भिंत आहे, एवढं त्याला कळलं होतं.

बाल्कनीतल्या फोननंतर घराचा आवाज बदलला. हे इतर कोणाच्या लक्षात आलं नसतं. आधी बायकोचं गुणगुणणं थांबलं. ती कणीक मळताना गुणगुणायची, बेसूर, आणि तो कळवळून कानावर हात ठेवायचा. आता नुसता परातीचा आवाज येई. मग टोमणे थांबले. "उठा राजे, दुपारही वाट बघून कंटाळली" असं ती म्हणायची, ते म्हणेनाशी झाली. तो अंथरुणात पडून राही आणि ती दारात येऊन बघून जाई, आवाज न करता. टोमणे मारायचे थांबतात ते कोणाच्या बाबतीत, हे त्याला माहीत होतं. वडील शेवटच्या आजारात असताना आई अशीच एकाएकी गोड झाली होती. जन्मभर ज्या माणसाशी ती वाद घालत आली त्याला ती म्हणू लागली, हो, तुम्ही म्हणता तसंच. वडिलांनी एकदा त्याला जवळ बोलावून विचारलं होतं, "काय रे, डॉक्टर नक्की काय म्हणाले? ही भांडत का नाही?" त्याने वडिलांना काहीतरी सांगितलं होतं. आता विचारायला त्याच्याजवळ कोणी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मेहुणा आला. मेहुण्याचा फर्निचरचा व्यवसाय. एरवी येण्याआधी दहा फोन करणारा माणूस न सांगता आला, "काय भावोजी, छान दिसताय" असं गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाला आणि बहिणीच्या मागोमाग आतल्या लहान खोलीत गेला. ती खोली त्याची होती. तिथे त्याने दुरुस्त केलेले जुने रेडिओ होते, दुरुस्त करायचे राहिलेले रेडिओ होते, सोल्डरिंग आयर्न, तारांची भेंडोळी. बरेच महिने तो तिकडे फिरकला नव्हता. आतून टेप मागे सरकल्याचा सर्रकन आवाज आला, पुन्हा आला. ते खोलीची मापं घेत होते. न्हाणीघराची आणि त्या खोलीची भिंत एक आहे, आणि त्या भिंतीतून किती ऐकू येतं हे घरात फक्त त्यालाच माहीत होतं. तो न्हाणीघरात जाऊन उभा राहिला. नळ उघडला नाही.

"तारीख होईपर्यंत एक अक्षर नाही," बायको म्हणत होती. "नंतर काय व्हायचं ते होऊ दे."

"आणि हे सामान?"

"थोडं माळ्यावर टाकू. बाकीचं देऊन टाक कोणाला तरी. त्यांना आता कुठे लागतंय."

तो आरशासमोर उभा होता. आरशातला माणूस ऐकत होता. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, हे त्याने नीट तपासलं. आवाज तपासण्यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. आवाजात काळजी होती, घाई होती, आणि आणखी काहीतरी होतं, दाबलेलं, वर उसळू पाहणारं. त्याला त्याने सुटका असं नाव दिलं. तारीख म्हणजे मुलाखतीची तारीख. चाचणीत घेतलं तर चाचणीवाले सांभाळतील, नाही घेतलं तर कुठेतरी ठेवतील. दोन्हीकडे खोली रिकामी होणार. त्याला राग आला नाही. राग यायला जितकं असावं लागतं तितकं त्याच्यात उरलेलं नव्हतं.

त्याच्याकडे कान वाजण्याची तक्रार घेऊन येणारे लोक असत. सारखा एक सूर ऐकू येतो म्हणायचे. आधी खिडक्या बंद करून बघितल्या, मग फ्रीज बंद करून बघितला, मग शेजाऱ्यांशी भांडण झालं. आवाज कुठून येतो, ते विचारत. तो सांगे, बाहेरून नाही. त्या न्हाणीघरातल्या दुपारनंतर त्याच्यातही तसं एक सुरू झालं. तो विचार आहे असं आधी त्याला कळलंच नाही, इतका तो बारीक होता. आपण नसलो तर किती सोयीचं होईल, एवढाच. बायकोला गुणगुणता येईल. मेहुण्याला हळू बोलावं लागणार नाही. मुलीला फोनवर उगाच हवापाण्याचं बोलावं लागणार नाही. हल्ली तिचा आवाजही तसाच येई, काहीतरी गिळून पुढे बोलल्यासारखा. मग तो सूर सकाळी उठल्याबरोबर असू लागला, दात घासताना असू लागला, रस्ता ओलांडताना वाहनांच्या आवाजाखाली एकसारखा वाजत राहिला. त्याला तो भीतिदायक वाटला नाही, आणि नंतर विचार करताना त्याला सगळ्यात भयंकर वाटलं ते हेच.

तारखेला बायकोने त्याचा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तो त्याने घातला नाही, कालचाच घातला, आणि ती काही म्हणाली नाही. दवाखान्याच्या त्या मजल्यावर एक लांब व्हरांडा होता, एका बाजूला बाकडी, दुसऱ्या बाजूला दुधी काचेची दारं. तो आत जाताना बायको बाकड्यावर बसली. तिचा पाय हलत होता. तिच्या डोळ्यांत तेच होतं, दाबलेलं, वर उसळणारं. थोडाच वेळ राहिलाय, असं तिचा चेहरा म्हणत होता.

बाईंनी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. दुःख, चेहऱ्यावर दिसणारं आणि आत वाटणारं. अस्वस्थता. झोप. भूक. लक्ष लागणं. एखादी गोष्ट सुरू करायला वेळ लागतो का. इतरांबद्दल काही वाटतं का. मागच्या वेळी त्याने उत्तरं शोधून शोधून दिली होती; या वेळी ती तोंडाशी होती. बाईंचं पेन रकान्यात उजवीकडे उजवीकडे सरकत होतं. आपण रेषेच्या वर चाललो आहोत हे त्याला पेनाच्या आवाजावरून कळत होतं. एखादा पेशंट हेडफोन लावून बसावा तसा तो बसला होता, हात गुडघ्यांवर, आणि काचेच्या दुसऱ्या बाजूने पहिल्यांदाच बघत होता. बाई चांगल्या होत्या. घाई करत नव्हत्या, सुचवत नव्हत्या. पण त्या ताल मोडत नव्हत्या. मग शेवटचा प्रश्न आला. "कधी असं वाटतं का, की जगण्यात अर्थ नाही, किंवा..."

"नाही," तो म्हणाला.

प्रश्न संपायच्या आत म्हणाला. शांततेवर बोट वर केलं. त्याच्या खोलीत कोणी असं केलं असतं तर त्याने यंत्रावरचा हात उचलला असता, थांबला असता, पुन्हा विचारलं असतं. तो वाट बघत राहिला. बाईंनीही वर बघितलं, क्षणभर. त्याला वाटलं, आता. आता पहिला सूर पुन्हा वाजेल. पण व्हरांड्यात कोणीतरी खुर्ची ओढली, बाईंची नजर खाली गेली आणि पेन डाव्या कडेला जाऊन थांबलं. "या वेळी निकषात बसताय तुम्ही," त्या म्हणाल्या आणि बरं वाटल्यासारखं हसल्या. पुढच्या आठवड्यात रक्त तपासू, मग गोळ्या सुरू. तो त्यांचे आभार मानून बाहेर आला.

बायको उभी राहिली. घेतलं का? घेतलं. तिने डोळे मिटले. मग त्याचा दंड धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं आणि पहिल्याच पायरीवर थांबून, जणू घंटा झाली आणि पाकीट फोडलं, असं तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. मुलीला दिवस गेले होते. इतक्या वर्षांनी, इतक्या डॉक्टरांनंतर. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला होता, आणि बाईंनी त्याच दुपारी सांगितलं होतं की मोठा बदल नको, चांगलाही नको. "ती म्हणाली, बाबांना आत्ता सांगितलं आणि त्यांना बरं वाटलं तर? आणखी दोन गुण कमी झाले तर?" म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. मुलगी पुढच्या महिन्यात येऊन राहणार, म्हणून ती लहान खोली. मेहुणा पाळणा करतोय स्वतःच्या हाताने, मापं घ्यायला आला होता. "तुमचे चालू रेडिओ ठेवलेत हो," ती हसत आणि डोळे पुसत म्हणाली, "बंद पडलेले तेवढे काढलेत. तुम्हाला आता कुठे लागतंय ते, सोनं आहे का?"

तो ऐकत होता. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येत होता. न्हाणीघराच्या भिंतीतून आलेलं एकेक वाक्य उलटं होऊन आपापल्या जागी बसत होतं. टेपचा सर्रकन आवाज, मोठ्याने बोलणं, बंद दार. सगळ्याला कारण होतं आणि ते कारण म्हणजे एक पाळणा. आता तो सूर थांबेल, असं त्याला वाटलं. फ्रीज बंद केला, खिडक्या लावल्या, शेजारी निर्दोष सुटले. तो थांबून ऐकू लागला. सूर चालू होता. तसाच, तेवढाच, एकाच पट्टीत. पाळण्याच्या बातमीखालून, बायकोच्या हसण्याखालून. त्याला बाहेर काही कारणच नव्हतं. कधीच नव्हतं.  आणि तेव्हा कित्येक महिन्यांनी त्याला काहीतरी वाटलं. त्याला भीती वाटली.

"अहो, ऐकलंत ना?" बायको म्हणाली. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं होतं.

"मी शेवटच्या प्रश्नाला खोटं बोललो," तो म्हणाला.

कोणता प्रश्न, हे तिने विचारलं नाही. तिने कठडा धरला आणि खाली पायरीवर बसली. बाजूने एक माणूस फाइल घेऊन उतरून गेला. मग तिने विचारलं, कधीपासून. तो म्हणाला, त्या दिवसापासून, टेपच्या; न्हाणीघरातून ऐकत होतो.  खरं सांगितलं तर ते काढून टाकतील, तो म्हणाला, चाचणी थांबते असं म्हणाल्या होत्या त्या, आणि मग पुढे काही नाही. तिने मान वर केली.

"चाचणी थांबते, उपचार थांबत नाहीत, असं म्हणाल्या होत्या. लगेच दुसरी सोय करतात, त्याच दिवशी. दाखल करून घेतात, वेगळे डॉक्टर असतात."

"कधी म्हणाल्या?"

"पहिल्या दिवशी. तुमच्यासमोर. मी शेजारी होते."

त्याने आठवून बघितलं. बाईंचे ओठ हलताना आठवले. आवाज आठवला नाही.

ती उठली. त्याचा हात तिने धरला नाही, कालच्या शर्टाची बाही धरली, मुठीत, घट्ट, आणि दोघं परत व्हरांड्यात आले. दुधी काचेचं दार बंद होतं. आत पुढचा कोणीतरी बसला होता. काचेवर दोन धुरकट आकार, एक ताठ, एक वाकलेला. तो आणि बायको बाकड्यावर बसले. शब्द कळत नव्हते, पण बाईंचा आवाज येत होता, तोच, न मोडणारा, आणि प्रश्नाचा चढउतार ऐकून कोणता प्रश्न चालू आहे हे त्याला कळत होतं. दुःख. झोप. भूक. प्रत्येक प्रश्नानंतर आत लांब शांतता, मग जड, शोधत आलेलं उत्तर. बायकोने त्याची बाही सोडली नव्हती. लक्ष लागणं. सुरुवात करणं. तो पुढे झुकला. बाईंचा आवाज शेवटच्या प्रश्नाकडे वळला, थोडा मऊ झाला, आणि तो संपायच्या आतच आतल्या माणसाचं उत्तर आलं. लहान, एका शब्दाइतकं, फार लवकर.

तो उठला. बायकोच्या मुठीत बाही ताणली गेली, मग तीही उठली. त्याने दारापाशी जाऊन काचेवर बोट वाजवलं. आतला आवाज थांबला. त्याने पुन्हा वाजवलं.